पाहणें आणि करून पाहणें: जळकोट परिसरांतील पुराणवस्तूंच्या निमित्तानें

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांत, सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, नळदुर्गाच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर जळकोट हें गांव आहे. लातूर जिल्ह्यांत याच नांवाचें तालुक्याचें ठिकाण आहे, आणि जुनीं कागदपत्रें लावतांना या दोन जळकोटांची गल्लत होण्याचा संभव असतो. म्हणून आरंभींच हा खुलासा केलेला बरा. आमचें जळकोट इतिहासांत फारसें गाजलेलें नाहीं. परंतु येथें बिऱ्हाड करून राहणाऱ्यास एक मोठी सोय आहे. पश्चिमेस नळदुर्गचा किल्ला व त्यापलीकडे तुळजापूर, आणखी वर धाराशिवचीं लेणीं आणि तेरणेकांठचें तेर, अशीं निरनिराळ्या काळांतील कामें एका दिवसांत जाऊन येण्याच्या टप्प्यांत आहेत.

या सोयीचा उपयोग आम्हीं शाळेंत असतांना, आणि पुढें सेवेंतून मोकळे झाल्यावर गांवांतील मुलांना बरोबर घेऊन, कांहीं वर्षें केला. त्यांतून जें हातीं लागलें तें या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें, आणि विशेषेंकरून हस्तलिखितांच्या संग्राहकांपुढें, मांडावेंसें वाटतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आपल्याकडील संशोधक वाचतो फार आणि पाहतो थोडें. किल्ल्यांत गेला तर तो शिलालेखाकडे धांवतो, देवळांत गेला तर सनावळी विचारतो, दप्तर उघडलें तर मजकूर उतरून घेतो आणि कागदाकडे पाठ फिरवितो. वस्तु स्वतः जें सांगते तें समजण्यास लागणारी तयारी नुसत्या वाचनानें येत नाहीं. डोळे भरून पाहावें, पाहिल्यावर तर्क करावा, आणि तो तर्क हातानें पडताळावा, तेव्हां ती थोडीथोडी येऊं लागते.

मराठी भाषेला हें ठाऊक आहे असें दिसतें. आपण एखादी गोष्ट करून पाहतों, चाखून पाहतों, उचलून पाहतों, विचारूनसुद्धां पाहतों. प्रयत्न आणि दर्शन यांना भाषेनें एकाच क्रियापदांत बसविलें आहे. संस्कृतांतील ‘परीक्षा’ हा शब्दही ‘परि’ आणि ‘ईक्ष्’ यांपासून झालेला, म्हणजे मूळ अर्थानें सर्व बाजूंनीं पाहणें. आणि सराफकट्ट्यावरील ‘पारख’ व ‘पारखी’ हीं त्याचींच अपत्यें. शाळांनीं या शब्दाचें काय करून ठेवलें तें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. अभिनवगुप्तानें ‘सहृदय’ कोणास म्हणावें हें सांगतांना अभ्यासानें आरशासारख्या स्वच्छ झालेल्या मनाची अट घातली आहे. रसिकता जन्मतः मिळते असें तो म्हणत नाहीं. विष्णुधर्मोत्तराच्या तिसऱ्या खंडांत तर राजा वज्र मूर्ति घडविण्याची विद्या विचारतो, आणि मार्कंडेय त्याला मूर्तीवरून चित्राकडे, चित्रावरून नृत्याकडे, नृत्यावरून वाद्याकडे आणि वाद्यावरून गीताकडे मागें मागें नेतो. याच ग्रंथांत आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणते छायाप्रकाशाची, स्त्रियांना अलंकार आवडतात आणि इतरांस रंगांची रेलचेल, अशी एक वर्गवारी आहे. स्त्रियांविषयींचा अभिप्राय आमच्या अनुभवास येत नाहीं. शेवटच्या वर्गाचा मात्र येतो, व त्यांत पदवीधरही पुष्कळ असतात.

आतां नळदुर्गाकडे वळूं. इ. स. १८५३ च्या तहानें निजामानें जे प्रांत इंग्रजांकडे लावून दिले त्यांत हा जिल्हा होता, आणि १८५३ पासून १८५७ पर्यंत फिलिप मेडोज टेलर हा येथें अधिकारी होता. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर रचलेली ‘तारा’ ही त्याची कादंबरी १८६३ सालची. कादंबरीकार म्हणून त्याचें नांव सर्वांस ठाऊक असतें. तो उत्तम चित्रेंही काढीत असे, व दख्खनमधील त्याच्या रेखाटनांचें पुस्तक १८३७ सालींच लंडनांत छापलें गेलें होतें, याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. आमच्या दृष्टीनें हीच गोष्ट महत्त्वाची आहे. शोरापूर व जेवर्गीच्या बाजूस असलेलीं प्राचीन शिलावर्तुळें त्यानें खणलीं तेव्हां आंत काय सांपडलें याची नुसती यादी केली नाहीं. खड्ड्याचा उभा छेद काढला, मातीचे थर एकावर एक कसे आहेत तें रेखाटलें आणि हाडें व भांडीं कोणत्या थरांत होतीं तें दाखविलें. त्या काळीं बहुतेक खणणारे ठेवा शोधण्याच्या बुद्धीनें खणीत. शंभर वर्षांनीं, १९५४ मध्यें, सर मॉर्टिमर व्हीलर यांनीं उत्खननशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत टेलरच्या या छेदचित्रांची मुद्दाम प्रशंसा केली. ज्याला रेघ ओढावयाची आहे त्याला ती कोठें सुरू होते व कोठें संपते हें पाहावेंच लागतें. थर टेलरच्या आधींही खड्ड्यांत होते.

अजिंठ्याचें उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. मेजर गिल यानें १८४४ पासून वर्षानुवर्षें तेथें नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ त लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. मग १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी तेथें नेले, त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. त्यांच्याही कित्येक नकला १८८५ च्या आगींत गेल्या. पुढें १९०९ ते १९११ या काळांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बसु, असितकुमार हालदार प्रभृति तरुण आणि हैदराबादेकडील चित्रकार गेले. जळालेल्या नकलांबद्दल हळहळ वाटते ती योग्यच आहे. पण नकला करतां करतां ज्यांचे डोळे तयार झाले तीं माणसें जळालीं नव्हतीं, आणि नंदलालबाबूंच्या हातून शांतिनिकेतनांत पुढें जें काम झालें त्यांत अजिंठ्याच्या त्या मुक्कामाचा वांटा आहे.

नळदुर्गच्या पाणीमहालाविषयीं वाचकांना सांगावयास नकोच. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत इ. स. १६१३ मध्यें बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटांत हा महाल बसविला. मीर इमादीन हा त्याचा कारागीर. पावसाळ्यांत बांध भरला कीं नर आणि मादी या दोन वाटांनीं पाणी खालीं कोसळतें, व महालाच्या खिडकींत उभा असलेला मनुष्य पाण्याच्या पडद्यामागें कोरडा राहतो. येणारे लोक ‘चमत्कार’ म्हणतात, छायाचित्र घेतात आणि जातात. आम्हीं मुलांना तेथें नेण्यापूर्वीं शाळेच्या अंगणांत पाण्याचा एक डबा, त्याचें झांकण आणि फळ्यांची भिंत एवढें साहित्य मांडलें. झांकणाच्या कांठावरून पाणी बारीक धारेनें सोडलें तर तें कांठाखालीं वळून भिंतीवर ओघळतें. जोरानें सोडलें तर उडी घेऊन दूर पडतें. आणि कांठाला बोटभर पुढें आलेली पट्टी लावली तर बारीक धारही सुटी पडूं लागते. चहा ओततांना किटलीच्या तोटीखालून ओघळ येतो तें प्रत्येक घरांत दिसतें, पण त्याची बांधकामाशीं गांठ घालण्याचें कोणास सुचत नाहीं. एवढें करून मुलें नळदुर्गास गेलीं तेव्हां त्यांनीं खिडकीकडे धांव घेतली नाहीं. बांधाच्या माथ्याकडे, पाण्याच्या वाटेचा कांठ कसा घडविला आहे इकडे, त्यांची नजर प्रथम गेली. धार भिंतीपासून किती सुटून पडते याचे अंदाज त्यांनीं वह्यांत लिहिले, आणि ते एकमेकांशीं जुळले नाहींत म्हणून परत येतांना वाटेंत भांडण झालें. असलें भांडण आम्हांस फार मोलाचें वाटतें.

तेरविषयीं जरा विस्तारानें लिहितों, कारण वाचणें आणि पाहणें हीं दोन्ही तेथें शेजारीं शेजारीं दिसतात. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेंतील प्रवासवर्णनांत पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाची मोठी पेठ असल्याचें लिहिलें आहे. हें तगर म्हणजे कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ सालीं फ्लीट यांनीं ग्रंथ, ताम्रपट आणि अंतरें यांची छाननी करून तें आपलें तेर होय असें दाखविलें. हें वाचनाचें काम, आणि फार चांगलें. त्यामागोमाग हेन्री कझिन्स तेथें गेले. गांवांतील त्रिविक्रमाचें देऊळ तोंवर हजारोंनीं पाहिलें होतें. भाविकांस त्यांत विष्णु दिसे आणि अभ्यासकांस एक साधें विटांचें देऊळ. कझिन्स यांनीं त्याचा आकार पाहिला. मागची बाजू अर्धवर्तुळाकार, वर हत्तीच्या पाठीसारखें विटांचें छत, दर्शनी भागावर घोड्याच्या नालाच्या आकाराच्या गवाक्षाची खूण. पुढचा मंडप मागाहून जोडलेला. हें मुळांत बौद्धांचें चैत्यगृह असावें असा निष्कर्ष त्यांनीं काढला व पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक वृत्तांतांत तो सप्रमाण मांडला. त्यांच्या हातीं या वास्तूचा एकही लेख नव्हता.

मुलांना हें तोंडीं सांगून कांहीं उपयोग होत नाहीं. आम्हीं त्यांना देवळाभोंवतीं दोरी लावून पावलांनीं मापें घेण्यास लाविलें आणि तीं मापें मारुतीच्या पारासमोर धुळींत फक्कीनें काढविलीं. नकाशा पुरा होतांना, मागील कोपरे जुळत नाहींत हें पाहून एकजण दोरी खुंटीभोंवतीं फिरवूं लागला, आणि गोल उमटतांच सगळे गप्प झाले. त्यानंतर कार्ल्याच्या लेण्याचें चित्र दाखविलें. पुढचें आम्हांस बोलावें लागलें नाहीं.

तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवाच्या पांढरींतून निघालेल्या वस्तु जन्मभर जमविल्या; त्यांचा संग्रह आज तेथील शासकीय वस्तुसंग्रहालयांत आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, नाणीं, हस्तिदंती काम आणि सर्वांत अधिक मन वेधून घेणाऱ्या त्या पांढऱ्या मातीच्या लहान मूर्ति. केसांची रचना, कानांतील जड भूषणें, ओठांच्या कडेस किंचित् उमटलेलें हास्य. वीतभर उंचीही नसलेल्या या मूर्तींत सातवाहनकालीन नगरांतील माणसें आपल्यासमोर येऊन उभीं राहतात. या मूर्ति दुहेरी सांच्याच्या, म्हणजे पुढचा भाग एका सांच्यांत व मागचा दुसऱ्यांत दाबून, मग दोन्ही जोडून केलेल्या व आंतून पोकळ असतात. हें तंत्र रोमी व्यापाराच्या संबंधानें इकडे आलें असें पुष्कळ विद्वान् मानतात.

येथपर्यंत कोणत्याही पुस्तकांत मिळेल. आम्हीं कुंभाराकडून मळलेली माती आणून, भाजलेल्या मातीचे सांचे करून, अशा मूर्ति मुलांकडून करवून पाहिल्या. पहिल्या आव्यांत निम्म्याहून अधिक फुटल्या. कुंभारानें त्या हातांत घेऊन सांगितलें कीं, आंतली कोंडलेली हवा व वाफ बाहेर जाण्यास वाट नाहीं, भोंक ठेवा. दुसऱ्या खेपेस भोंक ठेवलें आणि मूर्ति टिकल्या. यानंतर तेरच्या मूर्तींकडे पाहण्याची रीतच बदलली. छिद्र दिसलें कीं ‘गळ्यांत बांधण्याचा ताईत’ असें म्हणण्याची घाई आपण करतों. आतां प्रत्येक छिद्राला, दोरा ओंवण्याच्या जागीं आहे कीं वाफेच्या वाटेवर, दोऱ्यानें कड झिजली आहे कीं नाहीं, असें विचारतां येऊं लागलें. बाजूनें जाणारी जोडाची पुसट रेघ, ती सुरीनें कापून गुळगुळीत केलेली जागा, आणि सांचा झिजल्यामुळें बोथट झालेलें नाक ज्या मूर्तींत कारागिरानें काडीनें पुन्हां टोंकदार केलें आहे ती मूर्ति, हें सारें मुलांना आपण होऊन दिसूं लागलें. एकाच सांच्यांतून निघालेल्या दोन चेहऱ्यांत फरक कोठून येतो हें ज्याला कळलें त्याला त्या चेहऱ्यांचें सौंदर्यही अधिक कळतें, असा आमचा अनुभव आहे. सुट्या घटकांच्या ज्ञानानें रसभंग होतो ही समजूत खरी नाहीं.

आणखी एक गोष्ट संग्राहकांच्या कानावर घालावयाची आहे. अखंड मूर्तीला सगळे जपतात आणि फुटक्या तुकड्याला टोपलींत टाकतात. परंतु फुटक्या तुकड्याची आंतली बाजूच उघडी असते, आणि माती सांच्यांत दाबणाऱ्या बोटांचे ठसे तेथेंच राहतात. आमच्या मुलांच्या फुटलेल्या मूर्तींत ते स्पष्ट दिसले. जुन्या तुकड्यांतही शोधावे. ब्रशानें घासून, आम्लानें धुवून हे तुकडे ‘स्वच्छ’ करणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या उत्साहापुढें काळाचा ऱ्हास बरा.

मडकें पक्कें कीं कच्चें हें थापटण्याच्या आवाजावरून ओळखणारे गोरोबाकाका याच तेरचे, आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरल्याची कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? त्या कथेचा पारमार्थिक अर्थ कीर्तनकार सांगतातच. आमच्या कुंभारानें आव्यांतून काढलेली प्रत्येक मूर्ति नखानें वाजवून कानाशीं धरली, तेव्हां तिचा व्यावहारिक अर्थही मुलांस समजला.

हस्तिदंताचें उदाहरण देऊन तेरचा विषय आटोपतों. इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गाडलेल्या पाँपेई नगरांत १९३८ सालीं भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. आरंभीं तिला लक्ष्मी म्हटलें गेलें. नंतर तेर येथील हस्तिदंती मूर्ति आणि जालना जिल्ह्यांतील भोकरदनच्या उत्खननांत मिळालेला भग्न तुकडा यांच्याशीं तिची वेणी, दागिने आणि उभें राहण्याची ढब ताडून पाहण्यांत आली, आणि ती दख्खनच्या या भागांतून गेली असावी या मताला जोर आला. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षराची खूण आहे, तरी या प्रश्नाचा विचार मुख्यतः वेणी व दागिने पाहूनच पुढें सरकला.

आतां हस्तलिखितांचे संग्राहक म्हणतील कीं हें सर्व मूर्ति व देवळें पाहणारांनीं करावें, आमचें काम मजकुराशीं. त्यांना आमची विनंती आहे कीं, एकदां बोरू तासून पाहावा. आम्हीं मुलांकडून दिव्याचें काजळ धरविलें, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यांत तें खलांत घोटविलें, कागदाला खळ देऊन गुळगुळीत दगडानें घोटा दिला, आणि मोडींत चार ओळी लिहविल्या. आधीं आडवी रेघ, मग तिच्याखालीं टांक न उचलतां अक्षरामागून अक्षर. टांक दौतींत बुडविल्यावर पहिलीं अक्षरें ठसठशीत येतात व पुढें शाई फिकी होत जाते. एका बुडवणींत किती अक्षरें होतात तें मुलांनीं मोजलें. बोरूगणिक आंकडा बदलला, पण एका हातानें, एका बोरूनें, भरधांव लिहिलेल्या पानांत या भरती-ओहोटीला एक ठेका असतो, हें सर्वांच्या लक्षांत आलें. पुढ्यांतल्या कागदावरून अक्षर हुबेहूब उतरविणाऱ्याचा ठेका चुकतो. तो अक्षराच्या मध्यें थांबतो, भलत्या ठिकाणीं टांक बुडवितो, आणि वळणावर त्याची रेघ कांपते.

त्याहून उपयोगी प्रयोग पाण्याचा. काजळाची शाई कागदाच्या पृष्ठावर बसते. ओल लागली कीं पसरते. हिराकस घातलेली शाई कागदांत शिरते, ओलीला बरीच दाद देत नाहीं, आणि कालांतरानें तांबूस होऊन कागद खाते. आम्हीं दोन्ही शायांनीं लिहिलेल्या पानांवर पाण्याचे डाग पाडले, व कांहीं पानांवर आधीं डाग पाडून, वाळल्यावर लिहिलें. तसेंच कांहीं कागद आधीं घडी घालून, कांहीं मागाहून. लिहिल्यावर घडी घातली तर शाई घडीच्या रेषेवर तडकते. घडीवर लिहिलें तर मोडलेल्या तंतूंत शाई शिरून अक्षराला दाढी फुटते. यावरून इनामाच्या, वतनाच्या वा हक्काच्या जुन्या म्हणविल्या जाणाऱ्या कागदास कांहीं प्रश्न विचारतां येतात. ओलीचा डाग काजळी शाईच्या अक्षरांवरून गेला आहे आणि तरी अक्षरांच्या कडा धारदार आहेत, तर लेखन डागानंतरचें समजावें. घडीवर अक्षरांना दाढी आहे, तर कागद कोरा असतां बराच काळ घडींत पडून होता. जुना कोरा कागद मिळविणें अवघड नाहीं. दप्तरांत पुष्कळ बंदांचा अर्धा भाग कोराच असतो. एवढ्यानें कागद बनावट ठरतो असें आम्ही म्हणत नाहीं, कारण खऱ्या लेखकानेंही जुना बंद वापरला असूं शकेल. परंतु भाषा, शिक्का आणि तिथि हीं तीनही बरोबर जुळलेला कागद या एका खुणेनें पुन्हां तपासावा लागतो. छापील प्रतींत ही खूण कधींच उतरत नाहीं. म्हणून मजकूर छापला गेला कीं मूळ कागदाचें काम संपलें असें मानून तो बांधून माळ्यावर टाकणें, किंवा मागून जाड कागद चिकटवून त्याची पाठ कायमची झांकणें, या दोन्ही चाली आम्हांस घातक वाटतात. घडी, डाग आणि मळ हींही साधनेंच आहेत.

शेवटीं वीरगळांविषयीं दोन शब्द. या बाजूच्या गांवांत वेशीशीं, मारुतीपाशीं किंवा शेताच्या बांधाला वीरगळ उभे असतात. त्यांवर सहसा लेख नसतो, म्हणून संशोधक त्यांच्याकडे वळत नाहीं. आणि हल्लीं शेंदुराच्या जोडीला तैलरंगाचे थर चढूं लागल्यापासून जें होतें तेंही बुजत चाललें आहे. खालीं लढाई, मध्यें अप्सरांनीं वीरास उचलून नेणें, वर शिवलिंगाची पूजा, ही मांडणी सांगून टाकली कीं पाहणारा पुढें निघतो. आम्ही मुलांना एका दगडापुढें पेन्सिल व कागद देऊन सकाळच्या तिरप्या उन्हांत तासभर बसवितों. मध्यान्हीचें ऊन उठाव खाऊन टाकतें, म्हणून वेळ महत्त्वाची. गांवकरी ज्याला झिजलेला दगड म्हणत, अशा एका वीरगळाच्या तळाशीं कोपऱ्यांत असलेल्या चार ओबडधोबड रेघा एका मुलीनें काढल्या, खोडल्या, पुन्हां काढल्या, आणि तिसऱ्या खेपेस तीं गुरांचीं शिंगें झालीं. हा वीर गुरें सोडवितांना पडलेला होता. गांवांत त्याचें नांव कोणास सांगतां येत नाहीं.

अशीं रेखाचित्रें काढतांना दगडाची उंची, रुंदी, तोंड कोणत्या दिशेस, शेंदूर वा रंग कोठवर, आणि चित्र काढण्याची वेळ, एवढें प्रत्येक कागदावर लिहवून घेतलें आहे. ज्या वाचकांच्या गांवीं रंग न दिलेले वीरगळ अद्याप उभे असतील त्यांनीं येत्या थंडींत, ऊन दक्षिणेकडून तिरपें येत असतां, अशींच चित्रें काढून ठेवावीं. दगड धुवूं नयेत, व रेघा नीट दिसाव्यात म्हणून त्यांत खडू भरूं नये.